अमेरिकेतला निवडणूक पोल वाचायचा कसा? नव्याने आलेल्यांसाठी

एम.ए. करत असताना मी दोन सत्रं विद्यापीठाच्या सर्वेक्षण केंद्रात फोन लावायचं काम केलं. संध्याकाळी साडेपाच ते नऊ. कानाला हेडसेट, समोर स्क्रीनवर प्रश्न, हाताशी गार झालेला चहा. नंबर दाबायचा, रिंग ऐकत बसायचं, व्हॉइसमेल लागला की 'उत्तर नाही' नोंदवायचं आणि पुढचा नंबर घ्यायचा. साडेतीन तासांत चार मुलाखती पुऱ्या झाल्या तर सुपरवायझर येऊन कौतुक करायचा. एका आजींनी मला वीस मिनिटं धरून ठेवलं होतं. अध्यक्षांच्या कामगिरीबद्दल त्यांना काही सांगायचं नव्हतं, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल खूप सांगायचं होतं.

हे सगळं आतून बघूनही २०१६ च्या नोव्हेंबरात मी मित्रमंडळींत छातीठोकपणे सांगून मोकळी झाले होते, "क्लिंटनच येतेय, पोल बघा की!" निकालाच्या रात्री आमच्याकडे पावभाजीचा बेत होता. अकराच्या सुमाराला भाजी तशीच पडून होती आणि सगळे टीव्ही सोडून माझ्याकडे बघत होते.

त्यानंतर मी पोल वाचायला नव्याने शिकले. इथे नवीन आलेली आपली मंडळी पहिल्याच निवडणुकीत त्याच खड्ड्यात पडताना दिसतात. व्हॉट्सॲपवर एक आकडा येतो, त्यावर रात्रभर वाद होतो, आणि मूळ पोल कोणी उघडूनही बघितलेला नसतो. पुढच्या पायऱ्यांमध्ये एक गोष्ट फिरून फिरून येईल, ती आधीच सांगते. पोलमध्ये फोन उचलणारी माणसं असतात. न उचलणाऱ्यांची भरपाई पोलवाल्यांनी कशी केली, ते आपल्याला शोधायचं असतं.

आधी हे जवळ घेऊन बसा

- पोलचं मूळ पान. बातमी नको. संस्थेच्या संकेतस्थळावर सहसा तीन कागद असतात: 'टॉपलाइन' (प्रश्न जसेच्या तसे आणि टक्के), 'क्रॉसटॅब' (वय, वंश, शिक्षण, पक्ष यांनुसार फोड) आणि 'मेथडॉलॉजी' (कोणाला, कधी, कसं विचारलं).
- तुमच्या राज्याच्या निवडणूक विभागाने जाहीर केलेले मागच्या दोन निवडणुकांचे निकाल.
- जनगणना विभागाचे तुमच्या राज्याचे शिक्षण आणि वयाचे आकडे.
- पोलची सरासरी काढणारं एखादं पान. रिअलक्लिअरपॉलिटिक्स चालेल, नेट सिल्व्हरचं सिल्व्हर बुलेटिन चालेल. फाइव्हथर्टीएट शोधत बसू नका, ते मार्च २०२५ मध्ये बंद झालं.
- फोनमधला कॅल्क्युलेटर.

१. बातमी मिटा, मेथडॉलॉजी उघडा

बातमीचा मथळा पुढे कोण आहे ते सांगतो. तुम्ही आधी चार गोष्टी बघा: पैसे कोणी दिले, तारखा कोणत्या, किती जणांना विचारलं, कशा मार्गाने विचारलं. उमेदवाराच्या प्रचार यंत्रणेने स्वतः करून घेतलेला पोल माध्यमांकडे 'फुटतो', तेव्हा तो बहुधा चांगला आलेला असतो. वाईट आलेले कपाटात राहतात. मेथडॉलॉजीचा कागदच नसेल तर त्या पोलवर वेळ घालवू नका. अमेरिकेतल्या सर्वेक्षण व्यावसायिकांच्या आपोर या संघटनेचा पारदर्शकतेचा उपक्रम आहे. त्यात सामील झालेल्या संस्था हे सगळं उघड करायला बांधील असतात.

२. कोणाला विचारलं: प्रौढ, नोंदणीकृत की 'लाइकली'?

कोपऱ्यात बारीक अक्षरात तीन प्रकार दिसतील. 'ॲडल्ट्स' म्हणजे इथे राहणारे सगळे प्रौढ. यात तुम्ही एच-१बी वर असाल तरी येता. 'रजिस्टर्ड व्होटर्स' म्हणजे ज्यांची मतदार यादीत नोंद आहे ते. 'लाइकली व्होटर्स' म्हणजे पोलवाल्यांच्या अंदाजाने जे खरोखर मत द्यायला जातील ते.

या तिसऱ्या शब्दात सगळी मेख आहे. अमेरिकेत मतदान हा बहुतेक ठिकाणी आधी नोंदणी करून करायचा उद्योग आहे, आणि मतदानाचा मुख्य दिवस मंगळवार, म्हणजे कामाचा दिवस असतो. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पात्र मतदारांपैकी सुमारे ६६ टक्के आले, आणि ते शंभर वर्षांतलं सर्वांत मोठं मतदान मानलं गेलं. २०२२ च्या मध्यावधीत (म्हणजे अध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मधोमध ठरलेल्या वेळी होणाऱ्या निवडणुकीत; आपल्याकडच्यासारखी मुदतीआधीची नव्हे) ४६ टक्क्यांच्या आसपास आले. २०१४ च्या मध्यावधीत तर ३७ टक्केसुद्धा नाहीत. म्हणजे त्या वर्षी दर तीन पात्र माणसांपैकी जवळजवळ दोन घरी बसली. ती दोन कोण असतील, याचा अंदाज चुकला की पोल चुकला.

आणि माणसं याबाबतीत सरळ खोटं बोलतात. वाईट हेतूने नाही. "तुम्ही मत देणार का?" असं विचारल्यावर "नाही" म्हणायला लाज वाटते, एवढंच. मी फोनवर असताना हा प्रश्न आला की समोरचा माणूस एकदम ताठ व्हायचा, "म्हणजे काय, अर्थातच!" म्हणून चांगल्या संस्था शब्दावर विसंबत नाहीत, मतदार यादी घेतात. तुम्ही कोणाला मत दिलं हे इथे गुप्त असतं. तुम्ही दिलं की नाही, हे मात्र नोंदलेलं असतं, आणि प्रचारवाले व पोलवाले ती यादी मिळवू शकतात. मागच्या चार निवडणुकांपैकी तीन वेळा गेलेला माणूस पाचव्यांदा जाण्याची शक्यता बरीच जास्त.

सापळा: सप्टेंबरचा 'रजिस्टर्ड'चा पोल आणि ऑक्टोबरचा 'लाइकली'चा पोल शेजारी ठेवून "वारं फिरलं" म्हणू नका. वारं तिथेच असतं, मोजायची माणसं बदललेली असतात.

३. त्यांना गाठलं कसं?

१९३६ ची गोष्ट माहीत असायला हवी. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी जाहीर केलं की रूझवेल्ट हरणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या आणि मोटारीच्या याद्यांमधले होते. मंदीच्या काळात फोन आणि गाडी बाळगणारा माणूस कोण, ते तुम्हीच ठरवा. शिवाय पत्रिका परत पाठवायची तसदी घेतली ती रूझवेल्टवर चिडलेल्यांनी जास्त. त्याच वर्षी जॉर्ज गॅलपने याच्या कितीतरी पट लहान नमुना घेऊन विजेता बरोबर सांगितला. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत पातेल्यातल्या नुसत्या वरच्या थरातलं घेऊन भागत नाही.

आज अडचण वेगळी आहे. प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण संस्थेच्या फोन सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद मिळायचा, २०१८ पर्यंत तो ६ टक्क्यांवर आला. त्यात १९९१ च्या कायद्यानुसार संमती नसताना मोबाइलवर यंत्राने आपोआप फोन लावायला बंदी आहे, म्हणून तिथे माणसानेच नंबर दाबायचा. मी दाबलेले नंबर तेच. लँडलाइनवर कोणी उचललं की आम्हाला एक ठरलेलं वाक्य म्हणायचं असायचं: "घरात आत्ता जो सर्वांत तरुण प्रौढ पुरुष असेल, त्याला बोलवाल का?" कारण तोच कधी सापडायचा नाही. एकदा रिसीव्हरमागून स्पष्ट मराठी ऐकू आलं, "अगं, ठेव तो फोन, काहीतरी विकत असतील." मी काही म्हणायच्या आत फोन बंद! माझा तरुण पुरुष गेला.

आता मेथडॉलॉजीत यांपैकी काहीतरी दिसेल:

- फोन, मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून काढलेले नंबर. महाग, सावकाश, अजूनही चांगलं.
- टपालाने पत्त्यावर निमंत्रण पाठवून तयार केलेलं कायमचं पॅनल, पुढची उत्तरं ऑनलाइन. प्यूचं आता बहुतेक काम असंच चालतं.
- 'ऑप्ट-इन' ऑनलाइन, म्हणजे पैसे किंवा गुण मिळवायला आपणहून आलेली माणसं. स्वस्त, आणि इथे डोळे उघडे ठेवायचे. प्यूने २०२२ मध्ये अशा एका नमुन्यात मुद्दाम विचारलं की तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवायचा परवाना आहे का. तिशीच्या आतल्या १२ टक्क्यांनी 'हो' म्हटलं. हाताला येईल ते बटण दाबून पुढे जाणारी ही माणसं. तेव्हा "तरुण पिढीतल्या इतक्या टक्क्यांना अमुक भयंकर गोष्ट पटते" अशी बातमी दिसली की आधी पाणबुडी आठवा.

४. वेटिंग: खरा स्वयंपाक इथे शिजतो

ही पायरी लोक गाळतात, आणि २०१६ ला मी नेमकी इथेच पडले.

समजा हजार माणसं मिळाली, त्यांत पदवीधर सहाशे. राज्यात पदवीधर मात्र शंभरात पस्तीसच. मग पदवीधराच्या उत्तराला वजन कमी द्यायचं, बिनपदवीच्या उत्तराला जास्त. याला वेटिंग म्हणतात. २०१६ मध्ये वय, लिंग, वंश यांचं वेटिंग जवळपास सगळे करत होते, पण राज्यांतल्या बऱ्याच पोलनी शिक्षणाचं केलंच नाही. पूर्वी त्याने फारसं बिघडत नव्हतं. त्या वर्षी बिघडलं, कारण गोऱ्या मतदारांत पदवी असलेले क्लिंटनकडे आणि नसलेले ट्रम्पकडे, अशी स्वच्छ फाळणी झाली होती, आणि पोलला उत्तर देण्यात पदवीधर नेहमीच पुढे. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून सुमारे ७८ हजार मतांनी निवडणूक फिरली. शेवटच्या आठवड्यात मन ठरवणारेही तिथे ट्रम्पकडे झुकले, तो भाग वेगळा. राष्ट्रीय पोल त्या वर्षी तसे वाईट नव्हतेच. क्लिंटनना देशभरात सुमारे २ टक्के जास्त मतं पडली, आणि सरासरी साधारण तेच सांगत होती.

वेटिंग म्हणजे कारागिरी कशी, ते त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं. फ्लोरिडातल्या ८६७ मतदारांची कच्ची उत्तरं त्यांनी चार नामांकित पोलवाल्यांना दिली: तुमच्या पद्धतीने आकडा काढा. एक म्हणाला क्लिंटन ४ ने पुढे, दुसरा ३ ने, तिसरा १ ने, चौथा म्हणाला ट्रम्प १ ने पुढे. माणसं तीच, उत्तरं तीच. चार घरची आमटी, डाळ एकाच दुकानातली.

तुम्ही करायचं एवढंच: मेथडॉलॉजीत 'एज्युकेशन' हा शब्द शोधा. नसेल तर तो पोल बाजूला. 'पास्ट व्होट' किंवा 'रिकॉल्ड व्होट' दिसलं, म्हणजे मागच्या वेळी कोणाला मत दिलं यावरून वजन दिलंय, तर तेही टिपून ठेवा. २०२४ मध्ये अनेकांनी ते केलं. त्याने टोकाचे आकडे कमी होतात, पण लोकांची आठवण जिंकलेल्याच्या बाजूने सोयीस्करपणे सरकते, हा त्यातला धोका.

५. प्रश्न शब्दशः वाचा

शिकागोची एनओआरसी ही संस्था १९७२ पासून जनरल सोशल सर्व्हे घेते. त्यात १९८० च्या दशकापासून एक साधा प्रयोग चालू आहे. नमुन्याच्या एका भागाला विचारतात: 'वेल्फेअर'वर सरकार खर्च फार करतं, पुरेसा करतं की कमी? दुसऱ्या भागाला विचारतात: 'गरिबांच्या मदती'वर? गरिबांच्या मदतीवर खर्च कमी पडतो असं बहुसंख्य म्हणतात. वेल्फेअर शब्द घातला की असं म्हणणारे कितीतरी पटीने घटतात. नवीन आलेल्या माणसाला 'वेल्फेअर' म्हणजे कल्याण वाटतं. इथे त्या शब्दाला आळस, वंश आणि कर असा तिहेरी वास आहे. शब्दकोशात तो सापडत नाही.

प्रश्नांचा क्रमही बघा. १९४८ मध्ये अमेरिकनांना विचारलं, कम्युनिस्ट देशांच्या पत्रकारांना इथे येऊन बातम्या पाठवू द्याव्या का? हा प्रश्न पहिला आला तेव्हा ३६ टक्के 'हो'. आधी 'रशियाने आपल्या पत्रकारांना येऊ द्यावं का' हे विचारून मग हाच प्रश्न टाकला, तर ७३ टक्के 'हो'. न्यायाची जाणीव पाठोपाठच्या दोन प्रश्नांत दुप्पट झाली!

आणि माहीत नसेल तरी माणूस मत देतो. सिनसिनाटीच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात 'पब्लिक अफेअर्स ॲक्ट' या कायद्याबद्दल मत विचारलं. साधारण एक तृतीयांश लोकांनी दिलं. असा कायदाच नव्हता. त्यामुळे परराष्ट्र धोरण, व्यापार करार किंवा एखाद्या कलमाच्या बारकाव्यावरचे आकडे मी फार मनावर घेत नाही. गर्भपात, महागाई, आपल्या गल्लीतली शाळा, यांवरचे घेते.

६. मार्जिन ऑफ एरर: एक भागाकार, एक गुणाकार

नमुन्याच्या संख्येचं वर्गमूळ काढा, १०० ला त्याने भागा. १००० माणसं असतील तर ३ टक्के, ४०० असतील तर ५, १०० असतील तर १०. देश ३३ कोटींचा असो की न्यू जर्सी ९५ लाखांचं, हिशोब तोच.

आता सापळा. हा आकडा एका उमेदवाराच्या टक्केवारीला लागतो. दोघांमधल्या अंतराला लावायचा तर साधारण दुप्पट करा. ४८ विरुद्ध ४६, मार्जिन ३, म्हणजे ती २ टक्क्यांची आघाडी ६ टक्के इकडे किंवा तिकडे असू शकते. "अमुक आघाडीवर" हे वाक्य तिथे बोलण्यात अर्थ नाही. शिवाय छापलेलं मार्जिन फक्त चिठ्ठ्या टाकण्यातला योगायोग मोजतं. न उचललेले फोन, लाइकली व्होटरचा चुकलेला अंदाज, तिरका प्रश्न, हे त्यात धरलेलं नसतं. जुने पोल आणि प्रत्यक्ष निकाल ताडून बघणाऱ्यांना खरी चूक छापलेल्या मार्जिनच्या दुपटीच्या आसपास आढळली आहे.

७. क्रॉसटॅबमध्ये स्वतःला शोधू नका

सगळ्यात मोठा मोह हा. पोल उघडला की आपण खाली 'एशियन' रकाना शोधतो, आणि त्यातून "भारतीय मतं कुठे चालली" यावर मंडळाच्या गणपतीत भाषण ठोकतो. भारतीय वंशाचे लोक इथे पन्नास लाखांच्या आसपास, लोकसंख्येच्या साधारण दीड टक्का. हजाराच्या नमुन्यात पंधरा. त्या पंधरांत मराठी किती? बहुधा एकही नाही. त्यात मुलाखती इंग्रजीत, फार तर स्पॅनिशमध्ये.

आपल्या समाजाचं बघायचं तर वेगळं केलेलं सर्वेक्षण लागतं. कार्नेगी एंडोमेंटचं भारतीय-अमेरिकन दृष्टिकोन सर्वेक्षण आहे, यूगव्ह या ऑनलाइन सर्वेक्षण कंपनीच्या मदतीने केलेलं. २०२० मध्ये त्यातल्या नोंदणीकृत मतदारांपैकी ७२ टक्के बायडन यांच्या बाजूचे होते; २०२४ मध्ये हॅरिस यांच्या बाजूचे ६१ टक्के आणि ट्रम्प यांच्या बाजूचे सुमारे ३२. घसरण खरी आहे, पण हे ऑनलाइन पॅनल आहे, नमुना हजाराच्या आत आहे, सहावी पायरी इथेही लागू.

प्राथमिक फेरीचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचे, पोल तर आणखी निसरडे, कारण तिथे सगळे उमेदवार एकाच पक्षाचे आणि मतदाराला नाव माहीत असणं हीच मोठी गोष्ट. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत उतरले, स्वतःचे पैसे घालून टीव्हीवर जाहिराती लावल्या, आणि सुरुवातीच्या काही पोलमध्ये आघाडीवर दिसले. आपल्याकडच्या ग्रुपवर पेढे वाटायचेच बाकी होते. ऑगस्टमध्ये ते तिसरे आले. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या. पुढे २०२२ मध्ये ते डेट्रॉइटच्या मतदारसंघातून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून गेले, पण २०१८ चे ते पोल मात्र नावाची ओळख मोजत होते, मत नव्हे.

८. 'इंडिपेंडंट' हा शब्द ऐकून फसू नका

गॅलप या सर्वेक्षण संस्थेला २०२४ मध्ये सुमारे ४३ टक्के लोकांनी आपण 'इंडिपेंडंट' आहोत असं सांगितलं. नवीन माणसाला वाटतं, अरे वा, त्रेचाळीस टक्के कुंपणावर! तसं नाही. लगेच पुढचा प्रश्न विचारतात: "तरी कल कोणाकडे?" बहुतेक जण एक पक्ष सांगतात, आणि मतदानाच्या दिवशी जवळपास पक्षवाल्यांइतकेच निष्ठेने वागतात. खरोखर कुठेच नसलेले दहातला एखादा, आणि तो मतदानालाही कमी जातो. मिशिगन विद्यापीठात मूळ असलेला राष्ट्रीय निवडणूक अभ्यास १९४८ पासून चालू आहे. तिथे हे मोजायला सात पायऱ्यांची पट्टी वापरतात, कट्टर डेमोक्रॅटपासून कट्टर रिपब्लिकनपर्यंत.

पक्ष इथे आडनावासारखा चिकटतो. अर्थव्यवस्था कशी चाललीय, हा प्रश्नसुद्धा पक्षाच्या चष्म्यातून जातो. २०१६ च्या निकालानंतर रिपब्लिकनांना अर्थव्यवस्था एकाएकी बरी दिसू लागली, डेमोक्रॅटांना वाईट. २०२० नंतर उलट, २०२४ नंतर पुन्हा उलट. किराणा दुकानातले भाव तेच होते. म्हणून अध्यक्षांच्या पसंतीचा आकडाही पूर्वीसारखा हलत नाही. गॅलपच्या नोंदीत धाकट्या बुश यांची पसंती ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ५१ वरून ९० वर गेली, शेवटी २५ पर्यंत उतरली. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत चार वर्षं ती ३४ ते ४९ च्या मध्येच घुटमळली. असा आकडा २ टक्क्यांनी हलला की चॅनेलवाले ओरडतात. तुम्ही चहा घ्या.

९. जागा नव्हे, मतं. देश नव्हे, राज्य

आपल्याला सवय "किती सीटा?" विचारायची. लोकसभेचे एक्झिट पोल जागा सांगतात, आणि २०२४ मध्ये ते किती आपटले ते आठवत असेलच. रालोआला साडेतीनशेच्या पुढे दाखवलं, मिळाल्या २९३. अमेरिकेतले पोल सहसा मतांची टक्केवारी सांगून थांबतात. अध्यक्ष मात्र राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ निर्वाचक मतांवर ठरतो, आणि मेन व नेब्रास्का सोडले तर राज्य जिंकणाऱ्याला राज्याची सगळी मतं. तेव्हा राष्ट्रीय पोल हवा बघायला ठेवा, निकालासाठी पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, ॲरिझोना, नेवाडा, नॉर्थ कॅरोलिना बघा. २०२४ मध्ये या सातही राज्यांत ट्रम्प जिंकले, आणि देशभरातल्या मतांत त्यांची आघाडी जेमतेम दीड टक्का होती.

१०. एकाच पोलच्या प्रेमात पडू नका

आयोवाच्या ॲन सेल्झर या पोल क्षेत्रातलं अत्यंत मानाचं नाव. २०१६ आणि २०२० मध्ये बाकीचे चुकले तेव्हा त्या जवळपास बरोबर होत्या. २०२४ च्या मतदानाच्या तीन दिवस आधी त्यांचा पोल आला: आयोवात हॅरिस ३ ने पुढे. ट्रम्प तिथे १३ ने जिंकले. वेगळा आकडा छापायची त्यांची हिंमत मला अजूनही आवडते. शेजाऱ्यांचे आकडे बघून आपला आकडा मध्यावर आणून ठेवणारे पोलवाले त्यापेक्षा वाईट. पण तुम्ही मात्र सरासरी बघा.

सरासरीही आंधळी असू शकते. २०२० मध्ये पोलची चूक चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी होती आणि बहुतेकांची एकाच दिशेने. मग "पोल नेहमी रिपब्लिकनांना कमी दाखवतात, तेवढे मनात वाढवून घ्या" असं सांगणारे काका प्रत्येक पार्टीत भेटतात. आमच्या न्यू जर्सीत २०२१ ला डेमोक्रॅट गव्हर्नर मर्फी मॉनमथ विद्यापीठाच्या पोलमध्ये ११ ने पुढे होते आणि ३ ने कसेबसे निवडून आले; पोलच्या संचालकांनी लेख लिहून चूक जाहीर मान्य केली. काकांचं खरं ठरलं. चार वर्षांनी त्याच पदासाठी उभ्या डेमोक्रॅट मिकी शेरिल यांना बहुतेक पोल एक आकडी आघाडी देत होते, आणि त्या दोन आकडी फरकाने जिंकल्या. चूक कुठल्या दिशेला असेल ते आधी कळत नाही. कळलं असतं तर पोलवाल्यांनीच ती काढून टाकली असती.

एक्झिट पोलबद्दल थोडक्यात: इथे त्यांच्यावर भारतासारखी कायद्याची बंदी नाही, वाहिन्या आपणहून मतदान संपेपर्यंत निकाल धरून ठेवतात. २०२४ मध्ये ते एडिसन रिसर्चने केले (कंपनी न्यू जर्सीचीच, पण आपल्या एडिसन गावाशी संबंध लावू नका). दुपारी फुटलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. २००४ मध्ये त्या आकड्यांवरून बुश यांच्याविरुद्धचे डेमोक्रॅट उमेदवार केरी अध्यक्ष झाले होते, फक्त संध्याकाळपर्यंत.

११. तुमचाच फोन वाजला तर

ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असाल तरी पोलला उत्तर द्यायला हरकत नाही. नागरिक नाही, हे सरळ सांगा. प्रश्न 'लाइकली'साठी असतील तर ते आभार मानून ठेवून देतील. मतदार नोंदणीचा अर्ज मात्र वेगळी गोष्ट आहे. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर इतर कागदांबरोबर नोंदणीचाही प्रश्न येतो, आणि घाईत 'हो' वर बोट पडतं. नागरिक नसताना नोंदणी करू नका. पुढे नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात, तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का, हे विचारतात.

खरा पोल सुरुवातीला संस्थेचं नाव सांगतो, पक्ष विचारतो, वय आणि शिक्षण विचारतो. सोशल सिक्युरिटी नंबर, बँक, कार्ड कधीच विचारत नाही. देणगी मागितली तर तो पोल नाही. "अमुक उमेदवाराने अशी अशी लबाडी केली हे कळल्यावर तुम्ही त्याला मत द्याल का?" असे आरोप एकामागून एक आले आणि तुमचं वय कोणी विचारलंच नाही, तर तो 'पुश पोल'. पोलचं सोंग घेतलेला प्रचार. बिनधास्त ठेवून द्या.

पण खरा असेल तर जरूर बोला. फोन घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सरकवू नका, विशेषतः बायकांनी "हे बघतात ते सगळं" म्हणून नवऱ्याकडे देऊ नका. त्यांनी चिठ्ठी तुमच्या नावाची काढलेली असते. मत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा, त्याचाही रकाना असतो. आणि "दहा मिनिटं लागतील" असं पलीकडची मुलगी म्हणाली तर वीस धरा. आम्हाला दहाच म्हणायला शिकवलेलं असतं. कुकर लावलेला असेल तर आधी गॅस बंद करून या.